याद्यांच्या कागदावर नसलेली ओळ

मागच्या महिन्यात सांगलीला भाचीच्या याद्या झाल्या. प्रेमविवाह असला तरी याद्या चुकत नाहीत. दोन्हीकडची मंडळी हॉलमध्ये समोरासमोर बसली, कागदाला हळदीकुंकू लागलं आणि माझ्या मेहुण्यांनी एकेक कलम लिहायला घेतलं. कार्यालय कुणी घ्यायचं, सीमांतपूजन आदल्या संध्याकाळी की लग्नाच्या सकाळी, पानं किती, विहिणीची साडी कुठल्या पेठेतली. जेवणात बासुंदी की आईस्क्रीम यावर वीस मिनिटं गेली. सगळी मिळून एकोणतीस कलमं झाली.

भाची आणि तिचा होणारा नवरा पुण्यात शिकत असल्यापासून एकमेकांना ओळखतात. तो इंजिनियर. एमएस करायला अमेरिकेत गेला, लॉटरीत एच-१बी हा नोकरीचा व्हिसा लागला, आता डॅलसजवळ नोकरी करतो. ही बीडीएस. विश्रामबागेत गाळा भाड्याने घेऊन तिने दोन वर्षांपूर्वी दवाखाना थाटला. दातांच्या खुर्चीचं कर्ज अजून फिटायचं आहे.

तिसावं कलम मी काढलं. विचारलं, "हिला तिकडे काम करता येईल का? आणि कधीपासून?"

हॉलमध्ये पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. मुलाची आई हसून म्हणाली, "अहो ताई, आधी जाऊ तर द्या तिला. एवढी शिकलेली आहे, मिळेल काहीतरी." माझ्या बहिणीने मला कोपराने ढोसलं. भाचीने त्याच्याकडे पाहिलं, तो फोनकडे बघत होता. मग कुणीतरी रुखवताचा विषय काढला आणि बैठक सुखरूप पुढे सरकली.

शिक्षण संपल्यावर नोकरीसाठी परदेशी जाणं आणि प्रेमासाठी परदेशी जाणं, हे आपण एकाच दमात बोलतो. विमानही एकच असतं. पण कायद्याच्या लेखी या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. नोकरीसाठी गेलेला माणूस स्वतःच्या नावावर जातो, प्रेमासाठी गेलेली दुसऱ्याच्या नावावर. तिला पाठोपाठ गेल्यावर काम करण्याचा हक्क आहे की नाही, हे लग्नाआधी, चारचौघांत, बासुंदीच्याही आधी ठरलं पाहिजे, असं माझं म्हणणं आहे. आणि हा हक्क न देणारे कायदे 'त्यांचा देश, त्यांचे नियम' म्हणून सोडून द्यावेत, असं मला वाटत नाही.

आधी कायदा बघू, कारण आपल्याकडे 'मिळेल काहीतरी' या दोन शब्दांत तो गुंडाळला जातो. एच-१बीवर गेलेल्याच्या जोडीदाराला एच-४ हा पाठोपाठ जाण्याचा व्हिसा मिळतो. त्यावर राहता येतं, शिकता येतं. नोकरी, व्यवसाय, घरबसल्या पगाराचं काम, काहीच करता येत नाही. ओबामांच्या काळात, २०१५ च्या मे महिन्यात, एक खिडकी उघडली: नवऱ्याच्या कंपनीने त्याच्यासाठी ग्रीन कार्डची, म्हणजे तिथे कायम राहण्याच्या परवान्याची, प्रक्रिया सुरू केली असेल आणि त्यातला आय-१४० हा टप्पा मंजूर झाला असेल, तर जोडीदाराने ईएडी, म्हणजे कामाचं परवानापत्र मागावं. ढोबळमानाने नियम असा. आता यातली साखळी बघा. प्रक्रिया कधी सुरू करायची हे कंपनी ठरवते. रुजू झाल्यावर लगेच, वर्षाने, तीन वर्षांनी, किंवा कधीच नाही. म्हणजे सांगलीच्या दंतवैद्याने दात तपासायचे की नाही, हे डॅलसमधल्या एका सॉफ्टवेअर कंपनीचा एचआर विभाग ठरवणार. आणि तो विभाग तिला ओळखतसुद्धा नाही.

पहिल्या अडीच वर्षांत सुमारे ९० हजार जणांना हा परवाना मिळाला. त्यांतले ९३ टक्के भारतात जन्मलेले होते आणि स्त्रियांचं प्रमाणही ९३ टक्केच. एवढा एकगठ्ठा आपला असलेला प्रश्न दुसरा क्वचितच सापडेल. तरी आपल्या वर्तमानपत्रांत एच-१बीवर रकाने भरतात आणि एच-४ ची बातमी चौकटीत बसते. २०२५ च्या सप्टेंबरात नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क जाहीर झालं तेव्हा आठवडाभर दुसरा विषय नव्हता. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस अमेरिकेने कामाच्या परवान्यांची आपोआप मिळणारी मुदतवाढ बंद केली. नव्या अर्जांवर नूतनीकरण वेळेत हातात आलं नाही, तर मुदत संपली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून ऑफिसला जायचं नाही. यात एच-४ वरच्या बायकाही आल्या. ही बातमी मला बातम्यांतून नाही, एका मैत्रिणीच्या मुलीच्या फोनवरून कळली.

हा २०१५ चा नियम तरी टिकेल का, याचीच कित्येक वर्षं धाकधूक होती. नोकऱ्या गेलेल्या अमेरिकन आयटी कर्मचाऱ्यांचा एक गट त्याच वर्षी कोर्टात गेला. ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत नियम मागे घ्यायचा प्रस्ताव आला, तो २०२१ मध्ये बारगळला. २०२४ मध्ये अपील न्यायालयाने नियम वैध ठरवला. म्हणजे एखादी बाई नोकरीला लागली, बढती मिळाली, घराचे हप्ते सुरू झाले, तरी नऊ वर्षं तिच्या डोक्यावर टांगती तलवार.

मी स्वतः एच-४ वर सहा वर्षं काढली. २००१ ते २००७, न्यू जर्सी. तेव्हा ईएडी वगैरे काही नव्हतं. मी एमएस्सी स्टॅटिस्टिक्स, पुण्यात एका कॉलेजात शिकवत होते. नवरा विद्यापीठातला वर्गमित्र. कुणी ढकललं नाही मला, मी माझ्या पायांनी आणि आनंदाने गेले. हे आधीच सांगते, कारण या विषयावर बोललं की लोकांना वाटतं आता रडगाणं येणार.

पहिल्या आठवड्यात मी गावातल्या वाचनालयात कार्ड काढायला गेले. काउंटरवरच्या बाईने पत्त्याचा पुरावा मागितला. विजेचं बिल, फोनचं बिल, भाडेकरार, पगाराची चिठ्ठी, काहीही चालेल म्हणाली. सगळं नवऱ्याच्या नावावर होतं. सोशल सिक्युरिटी नंबर मला मिळणार नव्हता, कारण तो कामाच्या परवान्याला बांधलेला. बाई भली होती. थोडा विचार करून म्हणाली, तुमच्या नावाने या पत्त्यावर टपालातून आलेलं, शिक्का असलेलं एखादं पाकीट आणा. मी घरी गेले. पाकिटावर माझं नाव आणि आमचा पत्ता लिहिला, ३४ सेंटचं तिकीट लावलं आणि कोपऱ्यावरच्या निळ्या पेटीत टाकलं. आत कोरा कागद होता. दोन दिवसांनी ते आलं. त्या देशात माझ्या नावाने आलेला हा पहिला कागद, आणि तो मीच पाठवलेला.

कार्ड मिळालं. पुढे त्याच वाचनालयात मी आठवड्यातून तीन दिवस फुकट पुस्तकं लावायचे. दोन वर्षांनी तिथे अर्धवेळ जागा निघाली आणि त्याच बाईने मला अर्ज करायला सांगितलं. मी सांगितलं, मला चालत नाही. तिला खरं वाटेना. तिने दोनदा विचारलं, "पण तुम्ही कायदेशीर आहात ना?" होते की. पूर्णपणे कायदेशीर होते. कायदेशीररीत्या रिकामी.

या मुद्द्यावर तीन आक्षेप नेहमी ऐकू येतात. पहिला, त्यांचा देश आहे, कुणाला काम द्यायचं ते त्यांनी ठरवावं. कबूल. पण मग त्याच अमेरिकेत एका कंपनीच्या भारतातल्या शाखेतून तिकडच्या शाखेत बदली होऊन गेलेल्याच्या, म्हणजे एल-१ वाल्याच्या जोडीदाराला २०२१ च्या तडजोडीनंतर वेगळं परवानापत्र न मागता काम करता येतं. शेजारशेजारच्या दोन फ्लॅटमध्ये एक सांगलीची आणि एक साताऱ्याची राहते, दोघींचे नवरे एकाच प्रकारचं काम करतात. एकीला सकाळी डबा घेऊन बाहेर पडता येतं, दुसरीला नाही. यात देशहित कुठलं? हे फक्त नियमांचं गाठोडं आहे, वर्षानुवर्षं कुणी सोडवून बघितलं नाही.

दुसरा आक्षेप आपल्याच घरातला. घर सांभाळणं, मुलं वाढवणं हे काम नाही का? आहे, आणि मोठं आहे. माझी आजी आयुष्यभर तेच करत होती आणि तिच्याइतकी कामसू बाई मी पाहिली नाही. पण इथे प्रश्न काम मोठं की छोटं हा नाहीच. घरी राहायचं ठरवणं आणि बाहेर पडायला बंदी असणं यांत फरक आहे. तो ज्याला कळत नाही त्याने सहा महिने पगाराचं खातं बायकोच्या नावावर करून बघावं.

तिसरा आक्षेप मला जास्त अवघड वाटतो, कारण तो तरुण मुलंमुलीच घेतात. 'मावशी, प्रेमात असला हिशोब कसला करायचा?' तेवीस-चोवीसच्या वयात, सहा वर्षं साडेनऊ तासांच्या फरकाने व्हिडिओ कॉल केल्यावर, कधी एकदा एका घरात राहतो असं होतं. ते मला समजतं. मी त्याच वयात त्याच कारणाने गेले. पण हिशोब झालेलाच असतो, पोरांनो. त्याचं पॅकेज ठरलंय, टॅक्स कापून हातात किती येतं ते माहीत आहे, दोन बेडरूमचं भाडं त्यात बसतं हे बघितलंय, गाडी कुठली घ्यायची त्याचा तक्ता एक्सेलमध्ये आहे. फक्त तिच्या रकान्यात काही लिहिलेलं नाही. तो रकाना कोरा ठेवायला आपण प्रेम म्हणतो, आणि बहुतेक वेळा तो कोरा ठेवण्याची पाळी एकाच बाजूवर येते.

'बहुतेक वेळा' म्हणाले मी, 'नेहमी' नाही. केरळच्या नर्सेस आखातात, युरोपात, इंग्लंडमध्ये गेल्या आणि त्यांचे नवरे मागून गेले, हे तिथल्या कित्येक गावांना नवीन नाही. तिथे डिपेंडंट नवरा असतो आणि त्याचीही घुसमट तीच. म्हणून मी याला फक्त बायकांचा प्रश्न म्हणत नाही. पण आकडा ९३ टक्के असताना तो सगळ्यांचाच आहे असं म्हणून गुळमुळीतही करणार नाही.

अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांत आनंदीबाई जोशींचं नाव कौतुकाने निघतं, आणि ते योग्यच आहे. १८८३ साली ही अठरा वर्षांची बाई कलकत्त्याहून बोटीत बसली, १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाली, आणि २२ वर्षांची व्हायच्या आत, १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यात गेली. पण एक गोष्ट आपण कौतुकात विसरतो. ती एकटी गेली. पोस्टात नोकरी करणारे गोपाळराव मागे राहिले आणि नंतर तिच्या मागून तिकडे पोचले. पदवीदान समारंभाला ते होते, पंडिता रमाबाईही होत्या. गोपाळराव काही आदर्श नवरा नव्हते, त्यांचा जाच आपल्याला ठाऊक आहे. तरीही १८८३ मध्ये त्या घरातला जगबुडी वाटावा असा निर्णय झाला तो तिच्या शिक्षणाभोवती. सव्वाशे-दीडशे वर्षांनी आपल्या लेकी डॉक्टर होऊन, दाराला पाटी लावून, मग ती पाटी उतरवून तिकडे जातात. ही प्रगती कुठल्या दिशेची, ते मला कुणीतरी समजावून सांगा.

दंतवैद्यांचं तर दुहेरी आहे. बीडीएस तिकडे चालत नाही. परीक्षा द्यायची, मग तिथल्या डेंटल स्कूलमध्ये दोन-तीन वर्षांचा अभ्यासक्रम पुन्हा करायचा, त्याची फी ऐकली की सांगलीतलं घर विकल्यासारखं वाटतं. एच-४ वर शिकता येतं, हे खरं. पण शिकून झाल्यावर परवाना नसेल तर पुन्हा घरात. भाचीच्या दवाखान्यात मी एकदा तासभर बसले होते. एक म्हातारे शेतकरी कवळी घट्ट होते म्हणून आले होते. तिने ती काढून हातात घेतली, निळा कागद चावायला लावला, कुठे टोचतं ते बघून मशिनवर थोडी घासली, परत बसवली, परत काढली. चार वेळा. शेवटी ते "आता भाकरी खातो" म्हणून उठले. 'मिळेल काहीतरी' म्हणणाऱ्यांनी हे बघायला हवं होतं.

सगळे देश अमेरिकेसारखे नाहीत. जर्मनीत जोडीदाराला पहिल्या दिवसापासून काम करता येतं. नवऱ्याकडे ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षितांना मिळणारा कामाचा परवाना, असेल तर व्हिसासाठी जर्मनची ए-१ ही सगळ्यात खालची परीक्षाही लागत नाही. नेदरलँड्समध्येही कुशल कामगाराच्या जोडीदाराला मोकळीक आहे. जपानमध्ये परवानगी घेऊन आठवड्याला २८ तास. सिंगापूरने उलट २०२१ मध्ये दार आवळलं. इंग्लंडने २०२४ पासून साध्या मास्टर्सच्या विद्यार्थ्याला जोडीदार आणायचीच बंदी घातली. कॅनडा, ज्याच्याकडे आपली मुलं सोपा रस्ता म्हणून बघायची, त्यानेही २०२५ च्या जानेवारीपासून जोडीदाराचा खुला परवाना बराच आखडला. हे नियम दर दोन वर्षांनी बदलतात, त्यामुळे दोन वर्षांपूर्वी गेलेल्या मावसभावाचा सल्ला घेऊन कुणी जाऊ नये.

आणि हक्क मिळाला म्हणजे काम मिळालं असंही नाही. माझ्या ओळखीचं एक जोडपं, तो मेकॅनिकल आणि ती आर्किटेक्ट, दोघांनी अमेरिका सोडून मुद्दाम जर्मनी निवडली. तिला ए-१ लागणार नव्हतं, तरी ती पुण्यात बोट क्लब रोडच्या मॅक्सम्युलर भवनात बी-१ पर्यंत शिकून गेली. तिकडे गेल्यावर कळलं की आर्किटेक्ट हा शब्द नावापुढे लावायला तिथल्या चेंबरची नोंदणी लागते आणि ऑफिसात बी-२ शिवाय कुणी उभं करत नाही. दीड वर्ष गेलं. पण त्या दीड वर्षात ती बेकरीत काम करत होती, स्वतःच्या खात्यात पगार घेत होती, आणि वैतागली की नवऱ्याला 'माझ्या पैशाने परत जाईन' असं सांगू शकत होती. गेली नाही. पण सांगू शकत होती.

हे परत येणं महत्त्वाचं आहे. सगळे संसार नीट चालतात असं नाही. एच-४ वरच्या बाईचा घटस्फोट झाला की तिचा व्हिसाही संपतो. मार खाणाऱ्या बाईला स्वतंत्र परवाना मागता यावा म्हणून अमेरिकेने २००६ साली कायद्यात तरतूद केली, आणि त्यासाठीचा अर्जाचा नमुना आला २०१७ मध्ये. अकरा वर्षं कायदा होता, फॉर्म नव्हता. आपल्या मराठी बायका त्या अकरा वर्षांत तिकडे नव्हत्या असं ज्याला म्हणायचं आहे त्याने म्हणावं.

दिल्लीकडे बघितलं तर काय दिसतं? व्यापार कराराच्या वाटाघाटींत आपलं सरकार व्यावसायिकांच्या ये-जा करण्याचा आग्रह धरतं, आणि ते बरोबरच आहे. २०२५ मध्ये ब्रिटनबरोबर ठरलं, की तिकडे तात्पुरत्या कामाला पाठवलेल्या आपल्या माणसांना तीन वर्षं तिथला सामाजिक सुरक्षेचा हप्ता भरावा लागणार नाही. पगारातून कापले जाणारे पाउंड वाचवायला आपण टेबलावर बसतो, तर जिथे जोडीदाराचं काम अडलंय तिथे तेही त्याच टेबलावर ठेवावं. पण मागायला तोंड हवं. भारतात रोजगार व्हिसावर येणाऱ्या परदेशी माणसाच्या जोडीदाराला आपण एंट्री व्हिसा देतो, आणि त्याच्या बळावर तिला नोकरी करता येत नाही. चाकणला कारखान्यात आलेल्या जर्मन इंजिनियरची बायको पुण्यात एच-४ सारखंच आयुष्य काढते. बोट क्लब रोडवर आपल्या मुलींना जर्मन शिकवायला माणसं कमी पडतात, आणि जिची ती मायबोली आहे ती बाई कोरेगाव पार्कात दिवस मोजत बसते. आधी आपण हे बदलावं. मग समोरच्याला सांगायला सोपं जाईल.

कायदे बदलतील तेव्हा बदलतील. तोवर घरात काय करायचं यावर माझं मत थोडं कडक आहे. दोघांपैकी ज्याला मागून जायचंय त्याने, जमेल तर, स्वतःच्या नावावर जावं: स्वतःचा प्रवेश, स्वतःची नोकरी, वर्षभर उशीर झाला तरी. ते जमत नसेल तर देश दोघांचा बघून निवडावा, एकाच्या ऑफर लेटरवरून नाही. तेही जमत नसेल तर निदान सगळ्यांसमोर उच्चारावं, की हिचं काम इतकी वर्षं थांबणार आहे, ते का थांबणार आहे, आणि त्या वर्षांत तिच्या नावावर काय जमा होणार आहे. माझ्या काळी हे कुणी उच्चारलं नाही. मी नाही, नवऱ्याने नाही. तो वाईट माणूस नाही, त्याच्या डोक्यातच आलं नाही. २००८ च्या सुरुवातीला आम्ही परत आलो तेव्हा माझ्या कॉलेजात माझ्या हाताखाली शिकलेली मुलगी विभागप्रमुख होती. तिने मला ताशी मानधनावर तास दिले. चहाही दिला.

याद्यांनंतर चौथ्या दिवशी त्या मुलाचा मला फोन आला. मला, आईवडिलांना वगळून. त्याने एचआरला विचारलं होतं. त्यांच्याकडे ग्रीन कार्डची प्रक्रिया वर्षभराच्या नोकरीनंतर सुरू होते आणि त्याला अजून पाच महिने बाकी आहेत. मग कामगार खात्याची मंजुरी, मग आय-१४०, मग तिचा अर्ज. "म्हणजे दोन वर्षं धरा, मावशी. जास्तही लागतील." थोडा वेळ थांबून म्हणाला, "हे मला माहीत नव्हतं. माहीत असायला पाहिजे होतं."

लग्नाची तारीख तीच आहे, बासुंदीच आहे. भाची लग्नानंतर तीन आठवडे डॅलसला जाऊन येणार आहे, सध्या फक्त बघायला. काल ती गाळ्याच्या मालकाकडे गेली आणि भाडेकराराची पुढच्या अकरा महिन्यांसाठी पुन्हा नोंदणी करून आली.